बेसबॉलचे बदलते नियम: घड्याळ, आयता धावपटू आणि कॅमेऱ्याचा स्ट्राइक झोन

नववी इनिंग (धागाकर्ता)

२५ फेब्रुवारी २०२३ रोजी फ्लोरिडातील नॉर्थ पोर्ट येथे ब्रेव्ह्ज आणि रेड सॉक्स या बेसबॉल संघांचा सराव सामना ६-६ असा बरोबरीत होता. नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगचा (डावाचा) उत्तरार्ध चालू होता, तिघांपैकी दोघे बाद झाले होते, तिन्ही बेस (धाव पुरी करताना वाटेत लागणारे थांबे) भरलेले होते आणि ब्रेव्ह्जचा बॅटर कॅल कॉन्ली याच्या नावावर तीन बॉल आणि दोन स्ट्राइक लागले होते (स्ट्राइक झोनमधला चेंडू सोडला किंवा फटका हुकला तर स्ट्राइक, झोनबाहेरचा सोडला तर बॉल; तीन स्ट्राइकला बॅटर बाद, चार बॉलला त्याला पहिला बेस मिळतो, तो वॉक). पुढचा चेंडू सामना ठरवणार हे सगळ्यांना कळत होते, पण तो चेंडू टाकलाच गेला नाही. घड्याळात आठ सेकंद उरली तरी बॅटर सज्ज नव्हता, म्हणून पंचांनी त्याला तिसरा स्ट्राइक दिला आणि सामना बरोबरीतच संपला. आपल्याला वॉक मिळाला अशा समजुतीने कॉन्ली पहिल्या बेसच्या दिशेने निघालासुद्धा होता. ते दृश्य पाहून मला इतका राग आला की हा हंगाम आपण पाहायचाच नाही असे मी घरात जाहीर केले होते.

तीन हंगाम उलटून गेल्यावर आज मी त्याच घड्याळाच्या बाजूने हा धागा उघडत आहे. २०२६ च्या हंगामापासून स्ट्राइक आणि बॉल यांच्या निर्णयांना आव्हान देण्याची सोय मेजर लीगमध्ये (अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये) येत आहे, त्यामुळे गेल्या काही वर्षांतील सगळ्याच बदलांचा एकत्र विचार करण्याची ही योग्य वेळ आहे असे मला वाटते.

प्रथम घड्याळ. बेस रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करावी लागते. बेसवर कोणी असेल तर २०२३ मध्ये २० सेकंद मिळत होती, २०२४ पासून १८ मिळतात. पिचरने उशीर केला तर एक बॉल आणि बॅटरने केला तर एक स्ट्राइक, इतकी साधी शिक्षा आहे. २०२१ मध्ये नऊ इनिंगच्या सामन्याला सरासरी तीन तास दहा मिनिटे लागत होती. २०२३ मध्ये ती वेळ दोन तास चाळीस मिनिटांवर आली, म्हणजे १९८५ च्या सुमारास जितकी होती तितकी झाली. या कपातीत एकही इनिंग, एकही बाद किंवा एकही चेंडू कमी झालेला नाही. कमी झाले ते हातमोज्यांचे पट्टे पुन्हा पुन्हा आवळणे आणि पिचरने पाठ फिरवून आकाशाकडे पाहत राहणे. बेसबॉल हा घड्याळाविना चालणारा खेळ आहे हा माझा जुना आक्षेप होता, पण हे घड्याळ सामना संपवण्यासाठी लावलेले नाही. सत्ताविसावा खेळाडू बाद होईपर्यंत हरणाऱ्या संघाला संधी असते, आणि ती आजही तशीच आहे.

नियम कसा तोलावा याचे माझे माप त्यातून तयार झाले. बेसबॉलमध्ये प्रत्येक बेस कमवावा लागतो आणि प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. जो नियम या दोन गोष्टींना हात लावत नाही तो मला मान्य आहे, मग तो कितीही नवा असो. जो नियम न कमावलेला बेस देतो किंवा पाळी मोडतो तो मला मान्य नाही, मग त्याने सामना कितीही रंगतदार होवो. या मापाने घड्याळ आणि चेंडूंची आव्हाने उत्तीर्ण होतात, जादा इनिंगमधला घोस्ट रनर (दुसऱ्या बेसवर आयता उभा केलेला धावपटू) नापास होतो, आणि ‘गोल्डन ॲट-बॅट’ नावाची, सामन्यात एकदा पाळी मोडून हवा तो बॅटर पाठवण्याची जी कल्पना अधूनमधून चर्चेत येते ती तर विचारातही घेऊ नये असे माझे मत आहे. आपणा सर्वांची मते वाचायला मी उत्सुक आहे.

स्कोअरबुक

धागालेखकांच्या मापाशी मी सहमत आहे, आणि त्याला एक पुरावा जोडतो. मी गेली बावीस वर्षे मैदानावर जाताना कागदी स्कोअरबुक आणि पेन्सिल घेऊन जातो. या वहीत प्रत्येक खेळाडूसाठी एक छोटा चौकोन असतो, त्यात बेसचा आराखडा असतो, आणि तो खेळाडू पहिल्या बेसवर पोहोचला की त्या रेघेशेजारी कारण लिहायचे असते: एकेरी हिट (फटका मारून मिळवलेला एक बेस), वॉक, चेंडू अंगावर लागणे, फिल्डरची चूक. कारण नसलेली रेघ त्या वहीत असूच शकत नाही.

२०२० मध्ये महामारीच्या आखूड हंगामासाठी तात्पुरता म्हणून आलेला आणि २०२३ मध्ये कायम झालेला नियम असा आहे की दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघाची अर्धी इनिंग दुसऱ्या बेसवर एक धावपटू उभा करूनच सुरू होते. हा धावपटू सहसा मागील इनिंगमध्ये शेवटी बाद झालेला खेळाडू असतो, म्हणजे पिचरने ज्याला नुकतेच बाद केले तोच माणूस पुढच्या इनिंगला दोन बेस पुढे उभा असतो. त्यानंतर एका बॅटरने चेंडू हळूच ढकलून त्याला तिसऱ्या बेसवर नेले आणि दुसऱ्याने उंच फटका मारून बाद होता होता त्याला घरी म्हणजे शेवटच्या थांब्यावर आणले, की एकही हिट नसताना धाव लागते. त्या धावेची जबाबदारी पिचरच्या, दिलेल्या धावांच्या सरासरीवर टाकली जात नाही, याचा अर्थ ती त्याची चूक नाही हे नियमच मान्य करतो. पराभव मात्र त्याच्याच नावावर लिहिला जातो. मी त्या चौकोनात दुसऱ्या बेसपाशी नुसता एक ठिपका देतो, कारण लिहायला दुसरे काही नसते.

शिकागोकर

वरील दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर राखून मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण या नियमाकडे प्रेक्षकांपेक्षा खेळाडूंच्या नजरेतून पाहायला हवे असे मला वाटते.

आमच्या शहराच्या व्हाइट सॉक्स संघाने मे १९८४ मध्ये मिलवॉकीविरुद्ध २५ इनिंगचा सामना खेळला. तो दोन दिवस चालला, त्याला एकूण आठ तास सहा मिनिटे लागली आणि हॅरल्ड बेन्सच्या होमरनने (चेंडू मैदानाबाहेर मारणाऱ्या फटक्याने) तो संपला. हा सामना आठवणीत ठेवायला फार सुंदर आहे. पण आजच्या संघात २६ खेळाडू असतात आणि नियमित हंगामात १६२ सामने असतात, ज्यांच्यामध्ये सुट्टीचे दिवस अगदी मोजके असतात. पंधरा-सोळा इनिंगचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी संघाला ताज्या दमाचा पिचर हवा असतो, आणि त्याच्यासाठी जागा करायला ज्या नवोदिताने आदल्या रात्री तीन इनिंग उत्तम पिचिंग केले त्यालाच खालच्या लीगमध्ये पाठवले जाते. चांगले काम केल्याबद्दल मिळणारी ही शिक्षा आहे, आणि ती घोस्ट रनरपेक्षा अधिक अन्यायाची आहे.

शिवाय हा नियम आकाशातून पडलेला नाही. मायनर लीगमध्ये, म्हणजे त्या खालच्या लीगमध्ये, तो २०१८ पासून होता, आणि ज्यांनी भारतात शाळा-महाविद्यालयात सॉफ्टबॉल खेळले आहे त्यांना दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवून खेळला जाणारा टायब्रेकर चांगलाच परिचयाचा असेल. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) हा नियम लागू नाही, त्यामुळे जिथे खरोखर विजेतेपद पणाला लागते तिथे जुनी पद्धत शाबूत आहे.

नववी इनिंग (धागाकर्ता)

शिकागोकर, खालच्या लीगमध्ये पाठवल्या जाणाऱ्या पिचरचा मुद्दा मला या आधी कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितला नव्हता, आणि मी त्याचे वजन मान्य करतो. तरीही त्यावर दुसरा उपाय आहे. जपानमध्ये बाराव्या इनिंगनंतर सामना बरोबरीत सोडतात, आणि तिथल्या प्रेक्षकांनी त्यामुळे खेळाकडे पाठ फिरवलेली नाही. बरोबरी ही दोन्ही संघांनी कमावलेली असते. अमेरिकेत बरोबरी पचत नसेल तर निदान दहाव्या आणि अकराव्या इनिंगला नेहमीसारखे खेळू द्यावे आणि बाराव्यापासून धावपटू ठेवावा, इथपर्यंत मी माघार घ्यायला तयार आहे.

प्लेऑफचा आपला दाखला मात्र माझ्याच बाजूचा आहे. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी डॉजर्स आणि ब्लू जेज यांचा वर्ल्ड सिरीजमधला (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेतला) तिसरा सामना १८ इनिंग आणि सहा तास एकोणचाळीस मिनिटे चालला. डॉजर्सचा शोहेई ओहतानी त्या रात्री नऊ वेळा बेसवर पोहोचला आणि त्यातल्या चार वेळा विरोधी संघाने त्याला जाणूनबुजून वॉक दिला. डॉजर्सचे बाकीचे पिचर संपल्यावर आलेल्या विल क्लाइनने शेवटच्या चार इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही, आणि मग फ्रेडी फ्रीमनने होमरन मारला. ज्याचे नाव फारशा लोकांना ठाऊक नव्हते असा पिचर मध्यरात्रीनंतर उत्तरोत्तर अधिक चांगले चेंडू टाकत होता, आणि हे पाहण्यासाठी मी दुसऱ्या दिवशीचे काम बाजूला ठेवले होते. दहाव्या इनिंगला धावपटू ठेवला असता तर विल क्लाइनची पाळी येण्याचा संभव फारच थोडा होता.

डावखुरा

या धाग्यात शिफ्टच्या, म्हणजे बॅटर पाहून फिल्डर एकाच बाजूला उभे करण्याच्या, बंदीचा विषय निघाला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर (बेसजवळचे फिल्डर) असलेच पाहिजेत आणि त्या चौघांचे पाय इनफिल्डच्या हद्दीत असले पाहिजेत. त्या आधी डावखुऱ्या बॅटरसमोर तीन इनफिल्डर उजव्या बाजूला उभे राहत आणि त्यातला एक तर जवळजवळ आउटफिल्डमध्ये, त्यामुळे जो जोरदार फटका लहानपणापासून हिट समजला जात होता तो थेट कोणाच्या तरी हातात जाई.

डॉजर्स सोडून टेक्सासला गेलेल्या कोरी सीगरची सरासरी (पाळ्यांमधले हिटचे प्रमाण) २०२२ मध्ये .२४५ होती आणि २०२३ मध्ये .३२७ झाली. यातला सगळा फरक नियमामुळे पडला असे मी म्हणणार नाही, कारण संपूर्ण लीगची सरासरी .२४३ वरून .२४८ वर गेली आणि २०२४ मध्ये पुन्हा .२४३ वर आली. गवताच्या कडेला अडवलेले ते फटके पुन्हा हिट होताना पाहून मला आनंद होतो, पण मनात टोचणीही आहे. १९४६ मध्ये क्लीव्हलंडचा खेळाडू-व्यवस्थापक लू बूड्रो याने टेड विल्यम्ससाठी जवळजवळ सगळा संघ उजवीकडे उभा केला होता, आणि तेव्हा त्यावर बंदी घाला असे कोणी म्हटले नाही. फिल्डर कुठे उभा राहावा हा बुद्धीचा भाग आहे, आणि ज्या दिवशी बुद्धीवर बंदी आली त्या दिवशी बॅटरने दुसऱ्या बाजूला चेंडू मारायला शिकण्याची गरजही संपली. धागालेखकांच्या मापात हा नियम कुठे बसतो हे मला समजले नाही.

नववी इनिंग (धागाकर्ता)

डावखुरा, तो माझ्या मापात नीट बसत नाही हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. हा नियम बेस फुकट देत नाही आणि पाळी मोडत नाही, म्हणून मी त्याला विरोध केला नाही. पण तो आणला नसता तरी मला चालले असते.

मोठ्या केलेल्या बेसविषयी मात्र मी ठाम आहे. १५ इंचांचे बेस १८ इंचांचे झाल्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधले अंतर साडेचार इंचांनी घटले, आणि एका बॅटरच्या पाळीत पिचरला धावपटूला अडवण्यासाठी दोनदाच रबरवरून (चेंडू टाकताना पाय ठेवायच्या पट्टीवरून) पाय काढता येतो. तिसऱ्यांदा काढूनही धावपटू बाद झाला नाही तर त्याला एक बेस मिळतो. या दोन्हींमुळे २०२२ मधल्या २,४८६ चोरलेल्या (फटक्याची वाट न पाहता धावत जाऊन गाठलेल्या) बेसची संख्या २०२३ मध्ये ३,५०३ झाली. रोनाल्ड आकुन्याने त्या वर्षी ४१ होमरन आणि ७३ चोऱ्या केल्या. चोरलेला बेस हा बेसबॉलमधला सर्वांत उघडपणे कमावलेला बेस आहे, आणि तो परत आला याचे मला मनापासून समाधान आहे.

पर्वतीवरून

मी पुण्यात राहतो. क्रिकेट पाहत मोठा झालो, मुलगी न्यू जर्सीत असल्यामुळे गेली चार वर्षे बेसबॉलही पाहतो, आणि इथल्या जाणकारांकडून शिकण्याची इच्छा आहे. स्ट्राइक-बॉलच्या आव्हानाबद्दल वाचले तेव्हा मला साहजिकच डीआरएस आठवले, आणि चेंडूचा माग घेणारे हॉक-आय तंत्रज्ञानही दोन्हीकडे एकच आहे असे समजले. आपल्याकडे पायचीतच्या निर्णयात ‘अंपायर्स कॉल’ असतो: चेंडूचा निम्म्यापेक्षा कमी भाग यष्टींना लागत असेल तर मैदानावरच्या पंचांचा मूळ निर्णय कायम राहतो. बेसबॉलमध्ये अशी काही पायरी ठेवली आहे का, आणि आव्हान देण्याचा निर्णय कर्णधारासारखा कोणी एक माणूस घेतो का, हे कृपया सांगावे.

घड्याळाविषयी एक नोंद करतो. डिसेंबर २०२३ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादित षटकांच्या सामन्यांत पुढचे षटक ६० सेकंदांत सुरू करण्याची अट आली, आणि तिसऱ्यांदा उशीर झाल्यास पाच धावांचा दंड आहे. सुरुवातीला आमच्या कट्ट्यावर त्यावरही पुष्कळ वाद झाला होता. आता ते घड्याळ कोणाच्या लक्षातही येत नाही.

नववी इनिंग (धागाकर्ता)

पर्वतीवरून, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि माझ्या मते दोन्ही खेळांतला हाच सर्वांत मोठा फरक आहे. चेंडूची कड जरी झोनला स्पर्शून गेली तरी स्ट्राइक, अन्यथा बॉल. मधली पायरी ठेवलेली नाही. झोनची रुंदी प्लेटइतकी (बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पाटीइतकी) म्हणजे १७ इंच आहे. उंची प्रत्येक बॅटरसाठी वेगळी मोजली जाते: वरची मर्यादा त्याच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर. सहा फूट उंचीच्या बॅटरसाठी हा झोन जमिनीपासून साधारण साडेएकोणीस इंचांवर सुरू होतो आणि साडेअडतीस इंचांवर संपतो. नियमपुस्तकातला झोन हा प्लेटवर उभ्या केलेल्या खोक्यासारखा आहे, तर कॅमेऱ्यांचा झोन प्लेटच्या मध्यावर उभ्या केलेल्या काचेसारखा आहे. त्यामुळे प्लेटची मागची कड छाटत जाणारा काही पिचरांचा वळणारा चेंडू पुस्तकाप्रमाणे स्ट्राइक असूनही कॅमेऱ्याप्रमाणे बॉल ठरू शकतो.

दुसरा प्रश्न. प्रत्येक संघाला दोन आव्हाने मिळतात, आणि आव्हान बरोबर ठरले तर ते शिल्लक राहते. आव्हान फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) देऊ शकतो, तेही लगेच, डोक्याला हात लावून, डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) कोणाचीही मदत न घेता. सामना जादा इनिंगमध्ये गेला आणि संघाकडे आव्हान उरलेले नसेल तर प्रत्येक इनिंगला एक दिले जाते. २०२५ च्या वसंतातील सराव सामन्यांत याची चाचणी झाली तेव्हा ५२.२ टक्के आव्हानांत पंचांचा निर्णय फिरला, आणि प्रत्येक आव्हानाला सरासरी चौदा सेकंदही लागली नाहीत.

मला या सोयीची ओढ का आहे तेही सांगतो. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटचा पिचर आर्मांडो गालारागा याने ओळीने २६ बॅटर बाद केले होते. सत्ताविसावा बॅटर पहिल्या बेसवर स्पष्टपणे बाद असताना पंच जिम जॉइस यांनी त्याला सुरक्षित ठरवले आणि परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता जिंकलेला सामना) हातातून गेला. जॉइस यांनी सामन्यानंतर फिती पाहून आपली चूक उघडपणे मान्य केली, आणि दुसऱ्या दिवशी गालारागाने स्वतः संघाची यादी त्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत. त्या दोघांचे वागणे थोर होते, पण एका माणसाने जन्मभर ते ओझे वाहावे अशी वेळ खेळाने आणायला नको होती. २०१४ मध्ये बेसवरच्या निर्णयांसाठी रिप्लेची व्याप्ती वाढवली गेली तेव्हा स्ट्राइक-बॉल वगळले होते. आता ते दार उघडत आहे.

कॅचरची आई

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर आहे, त्यामुळे या विषयाकडे मी गुडघे टेकून बसणाऱ्या त्या एका खेळाडूच्या बाजूने पाहते.

कडेवरचा चेंडू हलक्या मनगटाने आत ओढून घेऊन पंचांना तो स्ट्राइक वाटेल असा पकडणे, ज्याला फ्रेमिंग म्हणतात, ही कॅचरची वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारी विद्या आहे. माझी मुलगी घराच्या मागच्या अंगणात रोज शंभर चेंडू तशा रीतीने पकडते. काही लोक या विद्येला फसवणूक म्हणतात, ते मला पटत नाही; चेंडू स्थिर हाताने पकडल्यामुळे खरा स्ट्राइक हातचा जात नाही, आणि त्यासाठीही ही विद्या लागते. प्रत्येक चेंडूचा निर्णय यंत्राकडे गेला असता तर ती एका दिवसात निरुपयोगी झाली असती. कोरियाच्या केबीओ लीगने २०२४ पासून प्रत्येक चेंडूसाठी यंत्रच वापरायला सुरुवात केली आहे. अमेरिकेत ट्रिपल-ए या मायनर लीगमध्ये दोन्ही पद्धती वापरून पाहिल्यानंतर आव्हानाची पद्धत निवडली गेली, याबद्दल मी समाधानी आहे.

२०२५ च्या त्याच सराव सामन्यांतला आणखी एक तपशील माझ्या मुलीने मला दाखवला. कॅचरांनी दिलेली ५६ टक्के आव्हाने बरोबर ठरली, बॅटरांची ५० टक्के आणि पिचरांची ४१ टक्के. म्हणजे झोन कुठे आहे हे सर्वांत चांगले कॅचरला कळते आणि पिचरला सर्वांत कमी, कारण तो साठ फूट लांब उभा असतो आणि प्रत्येक चेंडू स्ट्राइकच असावा अशी त्याची इच्छा असते. कोणते आव्हान तिसऱ्या इनिंगला खर्चायचे आणि कोणते आठव्यासाठी राखायचे हे ठरवण्याची नवी जबाबदारी बहुतेक संघांत कॅचरकडेच येईल असे मला वाटते. एक विद्या थोडी मागे पडेल आणि दुसरी पुढे येईल.

बुलपेन

घड्याळाचे इतके कौतुक वाचल्यावर एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. एप्रिल २०२४ मध्ये स्पेन्सर स्ट्रायडर आणि शेन बीबर या दोन उत्कृष्ट पिचरांच्या कोपरांवर शस्त्रक्रियेची वेळ आली, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने विश्रांतीचा वेळ कमी केल्याबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लीगने दुखापतींवरचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यात मुख्य दोष वाढत्या वेगाला, चेंडूला जास्तीत जास्त फिरकी देण्याच्या हव्यासाला आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याच्या पद्धतीला दिला. फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ झाला.

मला ही कारणमीमांसा बहुतांशी पटते, कारण कोपरांच्या शस्त्रक्रिया घड्याळ येण्याच्या कितीतरी आधीपासून वाढत होत्या. पण नियम ठरवणाऱ्या समितीची रचनाही लक्षात घ्या. तिच्यात अकरा सदस्य असतात: संघमालकांकडचे सहा, खेळाडू चार आणि पंच एक. सप्टेंबर २०२२ मध्ये चारही खेळाडूंनी घड्याळाच्या आणि शिफ्टबंदीच्या विरोधात मत दिले, तरी दोन्ही नियम मंजूर झाले. २० सेकंदांची १८ करतानाही खेळाडूंचे म्हणणे मानले गेले नाही. घड्याळ असावे, पण ते आणखी किती घट्ट करायचे हे ज्यांच्या खांद्यावर तो भार पडतो त्यांच्या संमतीशिवाय ठरू नये.

पर्वतीवरून

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. ‘अंपायर्स कॉल’ नसणे मला आधी कठोर वाटले, पण विचार केल्यावर त्यात स्पष्टपणा आहे हे जाणवले.

डिझिग्नेटेड हिटरचा (पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणाऱ्याचा) विषय कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण तो आपल्या आयपीएलच्या इम्पॅक्ट प्लेअरचा मोठा भाऊ आहे. रोहित शर्माने एप्रिल २०२४ मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते की हा नियम त्याला फारसा आवडत नाही, कारण त्यामुळे शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांच्यासारख्या अष्टपैलू खेळाडूंना गोलंदाजीची संधी मिळत नाही. बेसबॉलमध्येही पिचरने बॅट हातात घेणे पूर्ण थांबले का?

स्कोअरबुक

जवळजवळ पूर्ण थांबले. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी अमेरिकन लीगमध्ये ही पद्धत ६ एप्रिल १९७३ रोजी फेनवे पार्कवर यांकीजच्या रॉन ब्लूमबर्गपासून सुरू झाली, आणि नॅशनल लीगने ती २०२२ मध्ये कायमची स्वीकारली. मधली जवळजवळ पन्नास वर्षे एकाच खेळात दोन नियम नांदत होते. पिचरांची बॅटिंग बहुधा पाहवत नसे, हे खरे आहे. तरीही मे २०१६ मध्ये बार्टोलो कोलोनने वयाच्या ४२ व्या वर्षी आयुष्यातला पहिला होमरन मारला, ते पान मी वहीत आजही उघडून पाहतो. ओहतानीसाठी मात्र एक चांगली तरतूद झाली: सुरुवातीचा पिचर पिचिंगमधून बाहेर पडला तरी तो हिटर म्हणून खेळत राहू शकतो. दोन्ही विद्या असलेल्याला ही वाट मोकळी आहे, आणि आपल्याकडे तशी वाट शोधायला हरकत नसावी.

शिकागोकर

घोस्ट रनरवर मी धागालेखकांशी भांडलो, पण गोल्डन ॲट-बॅटवर मी त्यांच्या शेजारी उभा आहे. ही कल्पना अशी की प्रत्येक संघाने सामन्यात एकदा, पाळी कोणाचीही असो, आपल्या पसंतीचा बॅटर पाठवावा. कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी २०२४ मध्ये एका मुलाखतीत तिचा उल्लेख केल्यावर बराच गदारोळ झाला, आणि ती औपचारिक प्रस्तावापर्यंत पोहोचलेली नाही हे बरे झाले.

तिच्या बाजूचे लोक म्हणतात की निर्णायक क्षणी लोकांना सर्वोत्तम खेळाडू पाहायचा असतो. त्यांनी २१ मार्च २०२३ ची मायामीतली रात्र आठवावी. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा अंतिम सामना, नववी इनिंग, जपान ३-२ असे पुढे, आणि पिचर ओहतानी. जेफ मॅकनीलला वॉक मिळाला. मग मुकी बेट्सच्या फटक्यावर एका झटक्यात दोघे बाद झाले. आणि त्यानंतर क्रमाने ज्याची पाळी आली तो होता माइक ट्राउट, एंजल्स संघातला ओहतानीचा तेव्हाचा सहकारी. तीन बॉल, दोन स्ट्राइक, मग प्लेटच्या बाहेर वळत जाणारा स्लायडर, आणि ट्राउटची बॅट हवेतून फिरली. मॅकनीलने वॉक मिळवला नसता किंवा बेट्सने हिट मारली असती तर ही गाठ त्या स्वरूपात पडलीच नसती. आम्ही श्वास रोखून बसलो होतो, कारण ती जुळवून आणता येणे शक्य नव्हते. व्यवस्थापकाने बोट दाखवून ट्राउटला बोलावले असते तर चेंडू तोच असता, बॅटर तोच असता, आणि तरीही ती रात्र तशी झाली नसती.

नववी इनिंग (धागाकर्ता)

शिकागोकर, आपला हा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. पाळीविषयी मला जे म्हणायचे होते ते आपण माझ्यापेक्षा चांगल्या रीतीने लिहिले आहे. आता फक्त घोस्ट रनरही बाराव्या इनिंगपर्यंत लांबणीवर टाकायला आपण तयार व्हावे, एवढेच मागणे आहे.

शिकागोकर

संघात २७ वा खेळाडू द्यायला मालक तयार असतील तर मीही तयार आहे. तेवढा एक जादा पिचर मिळाला तर माझा आक्षेप उरणार नाही.

स्कोअरबुक

माझा एक व्यावहारिक प्रश्न राहिला आहे. नव्या हंगामात आव्हानाने फिरलेला निर्णय वहीत कसा लिहावा? पंचांनी बॉल म्हटले आणि कॅमेऱ्याने स्ट्राइक ठरवले, तर चौकोनात नुसता स्ट्राइक दिसेल आणि मधे काय घडले ते पुसले जाईल. कोणी काही खूण ठरवली आहे का?

कॅचरची आई

माझ्या मुलीने ठरवली आहे. ती स्ट्राइकच्या किंवा बॉलच्या रेघेवर टोपीसारखा एक छोटा कंस काढते, आणि आव्हान फसले असेल तर तो कंस उलटा काढते. कोणी आव्हान दिले हे कळावे म्हणून शेजारी खेळाडूच्या जागेचा क्रमांक लिहिते: पिचरसाठी १ आणि कॅचरसाठी २. बॅटरचा चौकोन त्याचाच असल्यामुळे तिथे ती क्रमांक लिहीत नाही. तिच्या वहीतल्या एका पानाचे छायाचित्र आज रात्री इथे लावते.